बोअर, हौद आणि तीन केव्हीएचा जनरेटर

घरासाठी जनरेटर घ्यायचे ठरले, तेव्हा दुकानदारापासून मेहुण्यापर्यंत प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला : "किती केव्हीएचा घेताय?" केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचे माप. मराठवाड्यातल्या घरापुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे उत्तर पंखे, दिवे आणि फ्रिज यांची बेरीज करून मिळत नाही. ते बोअरच्या मोटारीपाशी अडते. मोटारीची सोय आधी लावली तर लहान यंत्र पुरते; ती तशीच ठेवली तर वर्षातले काही तास चालवण्यासाठी भलेमोठे धूड दारात आणून ठेवावे लागते. मी यंत्रांची माहितीपत्रके चाळत बसलो होतो, त्यापेक्षा घरातल्या पाण्याचा हिशेब मांडल्यावर निवड लवकर झाली, म्हणून तोच हिशेब इथे सविस्तर मांडतो.

आमचे घर परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांतले भारनियमन ज्यांनी भोगले आहे, त्यांना आठवत असेल की त्या काळी निदान वेळापत्रक तरी असायचे. किती वाजता लाइट जाणार आणि किती वाजता येणार, त्यावर दळण, पाणी आणि मुलांचा अभ्यास बसवता यायचा. आता तसे भारनियमन राहिलेले नाही, पण लाइट जातेच, आणि ती कशामुळे गेली यावर किती वेळ नसणार हे ठरते. फीडरवर काही बिघडले तर अर्ध्या-पाऊण तासात येते. देखभालीसाठी बंद ठेवणार असतील तर महावितरणचा संदेश आधी मोबाइलवर येतो आणि अर्धा दिवस जातो. खरी पंचाईत होते ती डीपी, म्हणजे गावातला वीज उतरवून घरांना देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर, किंवा वैशाखातल्या वादळात लिंबाची फांदी तारांवर पडून चार खांब आडवे झाले तर. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी हा तिसरा प्रकार अनुभवला. जनरेटर या तिसऱ्या प्रकारासाठी घ्यायचा असतो. पहिल्या दोन प्रकारांसाठी तो घेणे म्हणजे खर्च, आवाज आणि धूर यांना उगीच आमंत्रण आहे.

ज्यांच्याकडे थ्री फेज जोडणी आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट आधी पाहावी. आमच्याकडे पुष्कळदा तिन्ही फेज जात नाहीत, एकच जातो, आणि घरातले दिवे नेमके त्याच फेजवर असल्यामुळे सगळी लाइट गेल्यासारखे वाटते. अशा वेळी चांगल्या वायरमनकडून बसवून घेतलेला फेज सिलेक्टर काही शे रुपयांत काम भागवतो.

रात्रीची झोप आणि दिवे यांसाठी बॅटरीवरच्या इन्व्हर्टरला पर्याय नाही, असे माझे मत आहे. १२ व्होल्ट, १५० एएच क्षमतेच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास साठतात. इन्व्हर्टरमधला तोटा आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी न करण्याचे पथ्य धरले, तर हाती १,२००-१,३०० लागतात. तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, पाच एलईडी दिवे ९ वॅटचे आणि एक राउटर अशी गोळाबेरीज २८० वॅटच्या आसपास जाते आणि बॅटरी साडेचार तासांत मान टाकते. तेच पंखे बदलून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर एकूण भार निम्म्यावर येतो आणि तीच बॅटरी आठ तासांहून अधिक चालते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, एवढा सल्ला मी कोणालाही बेधडक देतो. बॅटरी पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली ठेवू नये हेही त्यातच आले, कारण २५ अंशांपलीकडे दर आठ-दहा अंशांना शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जाणे ही बातमी राहिलेली नाही.

कूलर मात्र इन्व्हर्टरवर टिकत नाही. मोठा डेझर्ट कूलर दीडशे-दोनशे वॅट घेतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. फ्रिजचे तसे नाही. दार वारंवार उघडले नाही, तर आतला गारवा चार तास राहतो, आणि नंतर दर काही तासांनी तास-दीड तास वीज मिळाली तरी त्याचे भागते. घरात कोणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर हा हिशेब आधीच करून ठेवावा.

आता मोटार. दुकानात ३ केव्हीएचे यंत्र दाखवताना विक्रेता मला म्हणाला, "सर, यावर घरातलं सगळं चालतं." मी विचारले, "दीड एचपीची बोअरची मोटार चालेल का?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "रनिंगला चालते. स्टार्टिंगचं काही सांगता येत नाही." त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले, कारण सगळी मेख त्या एका वाक्यात आहे. मोटार फिरू लागल्यावर जेवढा करंट घेते, त्याच्या पाच-सहापट करंट ती सुरू होताना क्षणभर मागते. दीड अश्वशक्तीची सिंगल फेज पाणबुडी मोटार चालताना आठ-नऊ अँपिअर घेते, पण स्टार्टरचे हिरवे बटण दाबताच तिला चाळीसच्या घरात अँपिअर लागतात. २३० व्होल्टने गुणले तर हा आकडा ९ केव्हीएपर्यंत जातो. तेवढे देता आले नाही की जनरेटरचा व्होल्टेज कोसळतो, मोटार घुमत राहते, फिरत नाही, आणि स्टार्टरमधला कपॅसिटर किंवा मोटारीचे वाइंडिंग यांपैकी एकाचा बळी जातो. म्हणूनच बोअरसाठी जनरेटर घेणाऱ्याला पाच, सहा, साडेसात केव्हीए असे आकडे सांगितले जातात, आणि ते चुकीचे नसतात.

पण लाइट नसतानाच बोअर चालली पाहिजे, असे कोणी सांगितले आहे? आमच्या भागातल्या बहुतेक घरांत जमिनीखाली हौद असतोच, कारण नळाला पाणी रोज येत नाही. आले की भरून ठेवायचे ही पिढ्यांची सवय आहे. बोअरचे पाणी मात्र बहुतेक जण थेट गच्चीवरच्या टाकीत सोडतात. आम्ही बोअरचा पाइप हौदाकडे वळवला आणि हौदातून टाकीत पाणी चढवण्यासाठी अर्ध्या अश्वशक्तीचा साधा मोनोब्लॉक पंप बसवला. लाइट असेल तेव्हा बोअर हौद भरते; लाइट नसेल तेव्हा जनरेटरवर फक्त छोटा पंप चालतो. ३०० फुटांवरून पाणी उपसणे आणि हौदातून २७ फुटांवरच्या टाकीत चढवणे, यांत तेवढ्याच पाण्यासाठी लागणाऱ्या निव्वळ ऊर्जेचा फरक अकरापट आहे. शहरी पाणीपुरवठ्याचे दरडोई १३५ लिटरचे मानक धरले, तरी पाच माणसांना दिवसाला ६७५ लिटर लागतात, म्हणजे ५,००० लिटरचा हौद आठवडाभर पुरतो. आणि टंचाईत वाढलेली आमची माणसे १३५ लिटर वापरत नाहीत. या घरात पाण्याचा हौद हीच सगळ्यात मोठी बॅटरी आहे, आणि तिला ऊन लागत नाही.

अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण ६०० वॅट घेतो आणि सुरू होताना क्षणभर तीनएक केव्हीएचा झटका देतो. इथे मला सर्वत्र मिळणाऱ्या एका सल्ल्याशी फारकत घ्यावी लागली. आजकाल जो तो इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर घ्या म्हणतो, आणि त्याचे गुण खरेच आहेत : भार कमी झाला की इंजिनाचा वेग आपोआप कमी होतो, त्यामुळे पेट्रोल वाचते, आवाज कमी होतो, आणि वीज इतकी स्वच्छ असते की संगणकही थेट लावावा. परंतु त्यातले इलेक्ट्रॉनिक सर्किट मर्यादेपलीकडचा झटका सहसा सहन करत नाही. मोटारीने जास्त मागितले की ते सरळ हात वर करते. एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारे सर्किट) असलेला साधा, तांब्याच्या वाइंडिंगचा अल्टरनेटर अशा वेळी क्षणभर दबतो, दिवे मंद होतात, आणि मोटार फिरू लागली की सावरतो. आमच्या घरात नाजूक उपकरणे आधीच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर आहेत. तेव्हा जनरेटरकडून मला स्वच्छ विजेपेक्षा दणकटपणा हवा होता, आणि म्हणून ३ केव्हीएचा साधा पेट्रोल जनरेटर निवडला. ज्यांना पंप चालवायचाच नाही, फ्लॅटमध्ये राहतात आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या हातभर अंतरावर आहेत, त्यांनी इन्व्हर्टर प्रकारच घ्यावा. त्यांच्यासाठी माझा युक्तिवाद लागू नाही.

डिझेलचा विचारही केला होता. एक लिटर डिझेलमध्ये साधारण तीन युनिट वीज मिळते, तर लहान पेट्रोल जनरेटर लिटरला दोन-सव्वादोन युनिटांवर थांबतो. दीर्घकाळ आणि भरपूर भारावर चालवायचे असेल, तर डिझेलला तोड नाही. पण डिझेल इंजिन सतत तीस टक्क्यांहून कमी भारावर चालवले, तर इंधन पुरते जळत नाही आणि काजळी व ओलसर तेल धुराड्यात साठत जाते. दोन पंखे आणि फ्रिज यांसाठी डिझेल जनरेटर घेणाऱ्यांच्या यंत्राचे हेच होते. शिवाय १ जुलै २०२३ पासून डिझेल जनरेटरना प्रदूषणाचे नवे, कडक निकष लागू झाले आहेत, तेव्हा जुना सेट स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने तो कोणत्या निकषाचा आहे ते पाहावे. मंगल कार्यालय, दवाखाना, दूध शीतकरण केंद्र यांनी डिझेलच घ्यावे. घराला ते जड होते, अक्षरशः सुद्धा.

पेट्रोलची वीज स्वस्त नसते. पेट्रोलचा दर शंभरापलीकडे गेल्यापासून जनरेटरचे एक युनिट केवळ इंधनात पन्नास रुपयांच्या आसपास पडते, आणि परभणीचा दर राज्यातल्या चढ्या दरांमध्ये असतो हे आम्हाला पंपावर रोज दिसते. त्यामुळे तो दिवसभर घुरघुरत ठेवायचा नसून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तासभर चालवायचा, आणि त्या तासात टाकी भरणे, फ्रिज गार करणे, मिक्सर आणि बॅटरीचे चार्जिंग ही सगळी कामे उरकून घ्यायची, अशी शिस्त घरात लावावी लागते.

खरेदी करताना पाटीवरचे दोन आकडे वेगवेगळे वाचावेत. मोठ्या अक्षरात लिहिलेली कमाल क्षमता काही मिनिटांपुरतीच असते; सतत देता येणारी क्षमता लहान अक्षरात असते आणि हिशेब तिच्यावरच करायचा. केव्हीए आणि किलोवॅट यांतही गफलत होते, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, ०.८ असेल तर ३ केव्हीए म्हणजे २.४ किलोवॅटच. त्यातून आपली हवा. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरला इंजिनाची ताकद टक्काभर घटते, उष्णतेने आणखी काही टक्के जातात. परभणी-नांदेड भाग तुलनेने सखल असला, तरी उन्हाळ्यात सात-आठ टक्के सोडून द्यावेत, आणि लातूर किंवा संभाजीनगरकडच्यांनी त्याहून थोडे अधिक.

दुकानात यंत्र नुसते सुरू करून दाखवतात, त्याला अर्थ नाही. मी सोबत मल्टिमीटर नेला होता आणि बादलीभर पाण्यात दीड किलोवॅटचा हीटिंग रॉड टाकून यंत्र चालवायला लावले. दुकानातली मुले हसली, पण मालकाने अडवले नाही. भार नसताना फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्‌झच्या आसपास आणि भार पडल्यावर ५० च्या जवळ येत असेल, व्होल्टेज २३० च्या आगेमागे राहून २१० च्या खाली जात नसेल, तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) आणि एव्हीआर ठीक आहेत असे समजायला हरकत नाही. बॅटरीचा इन्व्हर्टर जनरेटरवरून चार्ज होत नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात; बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर असते आणि तो जनरेटरची वीज नाकारतो. ते नॉर्मल मोडवर केले की चार्जिंग सुरू होते.

यापुढचा भाग मी सर्वांत गंभीरपणे लिहितो आहे. आमच्या आसपास दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला हुशार समजतात. मेन स्विच पाडायला विसरले, की ती वीज उलट दिशेने डीपीपर्यंत जाते. जो डीपी ११,००० व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करतो, तोच उलटा चालून २३० चे ११,००० करतो, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन त्यात जातो. खेरीज तुमच्याच वायरीची उघडी पिन हातात जिवंत असते ती वेगळी. याला एकच उपाय आहे, तो म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच, जो एका वेळी एकाच बाजूला जोडला जाऊ शकतो. तो परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. त्यात पैसे वाचवण्याची जागा नाही.

गच्चीवर सौर पॅनल बसवलेल्यांनी आणखी सावध राहावे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्यामुळे आमच्याकडे पुष्कळ गच्च्या निळ्या झाल्या आहेत, आणि आता लाइट गेली तरी चिंता नाही असा अनेकांचा समज आहे. बॅटरी नसलेली ही यंत्रणा लाइट गेली की सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडते. भर दुपारी लख्ख ऊन असतानाही घरात पंखा फिरत नाही. उलट जनरेटर त्याच तारांवर चालू केला, तर सौर इन्व्हर्टरला लाइट आल्याचा भास होऊन तो आपली वीज जनरेटरच्या अंगावर ढकलू शकतो. म्हणून सौर यंत्रणेची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणकडच्या बाजूलाच असली पाहिजे, जनरेटरच्या बाजूला नको.

अर्थिंगबद्दल काळ्या मातीत राहणाऱ्यांना विशेष सांगावेसे वाटते. पावसाळ्यात ही माती ओल धरून ठेवते, पण चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, आणि हिवाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग नेमके वादळाच्या दिवसांत नावापुरते उरते. पाइप निदान अडीच मीटर खोल असावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे. बऱ्याच लहान जनरेटरांचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. तसे असेल तर घरातला आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) गळती झाल्यावर तुटेलच असे नाही. त्यावरचे टेस्टचे बटण मात्र अशाही वेळी काम करते, म्हणून त्यावर विसंबू नये आणि वायरमनला हे नेमके विचारावे.

जनरेटर ओसरीत, जिन्याखाली किंवा वाड्याच्या चौकात कधीही चालवू नये. चौक वरून उघडा असतो म्हणून धूर निघून जाईल असे वाटते, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धुराड्याचे तोंड घराच्या उलट बाजूला, वर पावसापुरता पत्रा आणि चारही बाजूंनी मोकळे, अशी जागा आम्ही परसात केली आहे. आवाजाचे म्हणाल, तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे, आणि माझा साधा जनरेटर जवळून तिच्यापेक्षा बराच मोठा बोलतो. म्हणून रात्री दहानंतर तो चालवायचा नाही, हे आम्ही शेजारच्या काकूंना आपणहून सांगून ठेवले. त्यांच्या फ्रिजसाठी एक वायर मात्र संध्याकाळच्या तासात आमच्याकडून जाते, त्यामुळे तक्रार अजून आलेली नाही.

वर्षभर न चालवलेला जनरेटर ऐन वेळी सुरू होत नाही, याचे कारण बहुधा कार्ब्युरेटर असतो. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते, आणि साठून राहिलेले पेट्रोल बारीक छिद्रांत चिकट थर धरते. काम झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, आणि महिन्यातून एकदा वीस मिनिटे खऱ्या भारावर चालवावे. नव्या इंजिनाचे पहिले तेल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलतात. पुस्तिकेत वेगळे असेल तर ते प्रमाण मानावे. एअर फिल्टर मात्र पुस्तिकेत लिहिले आहे त्याहून लवकर साफ करावा, कारण ती लिहिणाऱ्याने आमच्याकडचा फुफाटा पाहिलेला नसतो. पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये, घराबाहेर आणि थोडेच ठेवावे. इंजिन तापलेले असताना टाकीत ओतू नये.

मी नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतो, म्हणून चेंजओव्हरशेजारी क्रम लिहून लावला आहे : आधी मेन स्विच बंद, मग जनरेटर भाराशिवाय दोन मिनिटे, मग चेंजओव्हर जनरेटरकडे, मग सर्वांत आधी एकटा पंप, कारण झटका त्याचा मोठा असतो, आणि तो फिरू लागल्यावर फ्रिज, त्यानंतर बाकीचे. बोअरचा स्टार्टर या जोडणीत ठेवलेलाच नाही, त्यामुळे घाईत कोणी त्याचे बटण दाबले तरी काही बिघडत नाही. बायको हे सगळे माझ्यापेक्षा जलद करते. दोरी ओढायला तिला जड जाते, आणि पुन्हा कधी यंत्र बदलायची वेळ आली, तर बॅटरी-स्टार्टचे घ्यायचे हे तिने आताच सांगून ठेवले आहे.